अंजिरी खांब

कॅमेरा स्टँडवर चढवून मी खिडकीतल्या उन्हाचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात गोदूआत्यानं माझं मनगट धरलं.

“विदू, रंगीत काढू नको.”

“का गं?”

“साधा काढ. काळा-पांढरा. तुझ्या पाया पडतो, पण ह्याचा रंगीत फोटो काढू नको.”

आमच्या सांगलीकडच्या जुन्या बायका ‘पडते’ न म्हणता ‘पडतो’ म्हणतात, त्याचं काही नवल नव्हतं. नवल तिच्या हाताचं होतं. तो थरथरत होता. सत्तरीला टेकलेल्या माझ्या आत्याचा हात थरथरतो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून याच हातानं तिनं तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुलींच्या फोटोंतल्या शालूंचे काठ रंगवले होते, आणि रंग कधी काठाबाहेर जाऊ दिला नव्हता.

आम्ही देवसोंडच्या कोटात होतो, राणीमहालात. देवसोंड म्हणजे पूर्वीचं एक चिमुकलं संस्थान. इतकं चिमुकलं, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकावरून ‘शतंजीव’ ऐकू यावं, असं माझे वडील, अण्णा, म्हणायचे. पण कोट मात्र मोठ्या झोकात बांधलेला होता. भोवती खंदक, चार भक्कम बुरूज, वर नगारखाना आणि आत हा महाल. पुढे राणीसाहेब गेल्या आणि कोटाला कुणी वाली उरला नाही. महालाचं छप्पर कोसळलं, आत घाणेरीचं रान माजलं. आमच्या पिढीनं तो पाहिला तो असाच. मग त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांनी म्हातारपणी मनावर घेतलं, ट्रस्ट केला, जुन्या इमारतींची जाणकार म्हणून मुंबईच्या एका आर्किटेक्टबाईंना आणलं आणि दोन वर्षांत कोट पुन्हा उभा केला. पुढच्या आठवड्यात तो लोकांसाठी उघडणार होता.

महाल तर असा सजला होता, की आत पाऊल टाकताच माझ्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. दोन्ही बाजूंना सुरूच्या घाटाचे लाकडी खांब, सगळे अंजिरी रंगाचे. भिंती फिकट पिस्त्याच्या. कोनाड्यांना आतून हळदीसारखा पिवळा हात दिलेला. आत्या मात्र उंबऱ्यातच थबकली होती, आणि मला वाटलं होतं, चालून दमली असेल.

“आत्या, रंगीतच पाहिजे म्हणून तर बोलावलंय मला,” मी म्हणालो. “तुला सांगितलं होतं ना?”

सांगितलं होतं, अगदी तिखटमीठ लावून. त्या आर्किटेक्टबाई, मृणाल रेगे, मागच्या महिन्यात आमच्या ‘पोरे फोटो स्टुडिओ’च्या पायऱ्या चढून आल्या होत्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, चपलांना चुना लागलेला. त्यांनी काउंटरवर एक जुनी चौकट ठेवली. आत राणीमहालाचा फोटो होता, हातानं रंग भरलेला, आणि कोपऱ्यात अण्णांचा शिक्का.

“हा तुमच्या वडिलांनी काढलाय ना? मग आताचाही तुम्हीच काढा. याच जागेवरून, याच कोनातून. पुस्तकात दोन्ही शेजारी-शेजारी छापायचेत. तेव्हाचा महाल आणि आताचा.”

तोवर माझं नाव लग्नाच्या अल्बमच्या मागच्या पानाखेरीज कुठं छापून आलं नव्हतं. मी हरखून गेलो. पण गप्प बसेन तर कसला पोरे!

“मॅडम, एक सुचवू? ब्लॅक अँड व्हाइट काढू या. जुनी इमारत त्यात जशी दिसते ना, तशी रंगात नाही दिसत. रंग नुसता डोळ्यांत भरतो. दगड, लाकूड, ऊन-सावली सगळं मागं पडतं.”

त्या हसल्या. “तुम्ही फोटोवाले सगळे एका माळेचे मणी. अहो, काळा-पांढराच काढायचा तर मी दोन वर्षं रंग कशाला शोधत बसले? महालाचा गिलावा पार धुऊन गेला होता. राहिला होता तो खरवडून पाहिला, तर चुन्याखाली चुनाच. हा फोटो हाती लागला नसता तर मी भिंती पांढऱ्या सोडल्या असत्या. त्यात अप्पासाहेबांनीही सांगितलं, लहानपणी पाहिलेला महाल अस्साच होता म्हणून. एवढ्यावर मी रंग दिलाय. तो दिसायला नको?”

मी रंगीत रोल घ्यायचं कबूल केलं. तरी निघताना अण्णांचा जुना कॅमेरा काळा-पांढरा रोल भरून पिशवीत टाकलाच. सवय कुठं जाते.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, “कुठला महाल म्हणालास?”

“देवसोंडचा राणीमहाल. अण्णांनी काढलेला फोटो आठवतो का? तूच तर रंगवला होतास.”

तव्यावरची भाकरी तिनं करपू दिली. मग म्हणाली, “मी पण येतो.”

मला आश्चर्य वाटलं. आत्या कुठं जात नसे. लग्न होऊन वर्षाच्या आत कपाळ पांढरं झालं आणि ती अण्णांकडं, आपल्या भावाकडं, परत आली. तेव्हापासून स्टुडिओच्या मागची खोली हेच तिचं जग. पुढं अण्णा फोटो काढायचे, मागं ती रंग भरायची. गिऱ्हाईक सांगायचं तसं अण्णा फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून द्यायचे, ‘साडी हिरवी, काठ लाल, नथीतला खडा पांढरा’, आणि आत्या त्याबरहुकूम काम करायची. फोटोवर शिक्का अण्णांचा. रंगकाम कोण करतं हे गावाला कधी कळलं नाही, कारण विधवा बहिणीला कामाला बसवलंय असं कुणी म्हणू नये, ही अण्णांची भीती. स्वतः ती जन्मभर पांढऱ्यातलं लुगडं नेसली, बारीक काळ्या काठाचं. आणि फोटोवाल्याच्या घरात उभा जन्म काढूनही तिचा एकसुद्धा फोटो नव्हता. मी कधी कॅमेरा रोखला, तर तोंडावर पदर ओढून म्हणायची, “माझा कशाला रे बाबा?”

अशी ही आत्या एसटीचे धक्के खात माझ्याबरोबर कोटात आली होती आणि आता माझं मनगट सोडत नव्हती.

“आधी बस बघू इथं,” म्हणून मी तिला खिडकीच्या दगडी बैठकीवर बसवलं. पाण्याची बाटली दिली. रेगे मॅडम नगारखान्यावर गवंड्यांशी बोलत होत्या, त्यांचा आवाज वरून येत होता.

दोन घोट पाणी पिऊन आत्या म्हणाली, “विदू, हे रंग खोटे आहेत.”

“खोटे म्हणजे?”

“म्हणजे माझे आहेत.”

मला काही उमगेना. ती खांबाकडं बघत बोलत होती, माझ्याकडं नाही.

“अण्णानं फोटो आणून दिला तेव्हा मागची बाजू कोरी होती. मी विचारलं, रंग कुठले? तर म्हणाला, राणीसाहेब पडद्यामागं होत्या, विचारायची छाती झाली नाही. मग तू बघितलास तो रंग सांग म्हटलं. तर म्हणाला, मी कॅमेऱ्यात बघत होतो, माझ्या ध्यानात नाही, तुला बरं दिसेल ते घाल. राजवाडाच तो, शोभेल असं घाल.”

“आणि तू घातलेस.”

“मी कधी राजवाडा बघितला होता? पेटी उघडली, तर हात अंजिरीवरच गेला.” ती जराशी थांबली. “माझ्या लग्नातला शालू अंजिरी होता. एकदाच नेसलो. मग आईनं तो कुणाला तरी देऊन टाकला. तो रंग मला कुठंतरी घालायचा होता बघ. बायकांच्या साड्यांत घालता येत नव्हता, ज्याची त्यानं सांगितलेली असायची. इथं कुणी काही सांगितलं नव्हतं.”

मी त्या खांबांकडं पाहिलं. सरळ, तुकतुकीत, एकसारखे. मघाशी मला ज्याचं एवढं कौतुक वाटलं होतं, तो सगळा डामडौल आमच्या मागच्या खोलीतून, आत्याच्या रंगाच्या पेटीतून आला होता. मला आधी हसू फुटलं, आणि मग रेगे मॅडम आठवल्या.

“आत्या, हे कुणाला बोलू नकोस.”

“म्हणूनच म्हणतो, साधा फोटो काढ. भिंतीवर खोटं लागलं ते लागलं, पुस्तकात तरी नको छापायला.”

“रंगीत दे म्हणून त्या माझ्या मानगुटीवर बसतील. त्यांना काय सांगू?”

“काहीही सांग. रोल संपला म्हण.”

खरं सांगायचं तर ते मला पटलं. रोल बिघडला म्हणावं, काळा-पांढरा द्यावा, आत्याची लाज राखावी आणि आपलं नावही छापून घ्यावं. मी पिशवीतून अण्णांचा कॅमेरा काढला. पण आत्याची चुळबुळ थांबेना. वरून रेगे मॅडमचा आवाज आला, कुणाला तरी त्या हसून काहीतरी सांगत होत्या, आणि आत्या एकदम उठून उभी राहिली.

“नको. तसं नको करू. ती पोर दोन वर्षं उन्हात राबली माझ्या फोटोपायी. उद्या कुणी शहाणा येईल, तिला चारचौघांत विचारेल. तोवर मी गप बसायचं? मीच सांगतो तिला.”

“अगं, पण त्यांचं काय होईल याचा विचार कर!”

“तोच करतोय.”

रेगे मॅडम आत आल्या त्या घाईतच. “झाला का, पोरे? ऊन सरकायला लागलंय.” मग माझ्या हातातला जुना कॅमेरा पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. “हा कशाला?”

मी तोंड उघडण्याआधीच आत्या पुढं झाली. पदर सावरून तिनं मला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. शालूचं तेवढं गाळलं. सांगताना तिनं एकदाही खाली मान घातली नाही, पण बोलून झाल्यावर म्हणाली, “ताई, माझं चुकलं. पण मला काय ठाऊक, कुणी त्यावरून भिंती रंगवेल?”

रेगे मॅडम महालाच्या पायरीवर बसल्या. चेहरा उतरला होता.

“रंग हातानं भरलेत हे मला माहीत होतं,” त्या हळू म्हणाल्या. “त्या काळी तसेच भरायचे. पण विचारून भरले असतील असं मी धरून चालले.”

“विचारूनच भरायचो. हाच एक राहिला.”

“पण अप्पासाहेबांना आठवतंय! त्यांनी मला खांबावर हात ठेवून सांगितलं, हाच रंग.”

“फोटो घरात टांगलेला असेल, ताई. रोज बघून बघून तोच डोळ्यांत बसला असेल.”

रेगे मॅडमनी डोळे मिटले. “म्हणजे मी ज्यांना दोन साक्षीदार समजत होते, ते एकच. आणि तोही फितूर.” त्या हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. “पुढच्या आठवड्यात माझ्या धंद्यातले सगळे येणार आहेत, पोरे. माझे गुरू येणार आहेत. जुन्या वास्तूला पुरावा नसताना बोट लावू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि पोरांना शिकवते.”

मी आपला उगीच लेन्स पुसत राहिलो.

त्या झटक्यात उठल्या. “चला अप्पासाहेबांकडे. त्यांना सांगायला हवं.”

जायची वेळच आली नाही. अप्पासाहेब स्वतःच काठी टेकत दारात येत होते. आत्याच्याच वयाचे, उंच, पांढरं धोतर, डोक्याला जुन्या पद्धतीचा फेटा. फोटो काढताना हजर राहायची त्यांना हौस होती. आमच्या चेहऱ्यांकडं पाहून ते दारातच थांबले.

“काय झालं? कुणी पडलं-बिडलं का?”

रेगे मॅडमनी सांगितलं. आवाज शांत ठेवायची त्यांची धडपड कळत होती. “या गोदावरीबाई, पोरेंच्या आत्या. त्या फोटोतले रंग यांनी भरलेत. महाल न पाहता, मनानं. अप्पासाहेब, मला वाटतं तुम्हाला महाल नाही, फोटो आठवत असावा. तुमचा दोष नाही, असं होतं माणसाचं. पण हे रंग...”

अप्पासाहेबांचं त्यांच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. ते आत्याकडं पाहत होते. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.

“रंग तुम्ही भरलेत, बाई?”

आत्या भांबावली. “हो. चुकलं माझं.”

“चुकलं?” ते म्हणाले. “अहो, महाल पांढरा होता हे मला पक्कं ठाऊक आहे. मी वाढलोय यात.”

रेगे मॅडम पुढं आल्या. “म्हणजे? तुम्ही मला खांबाला हात लावून सांगितलंत!”

“सांगितलं. खोटं सांगितलं.”

“का पण?”

अप्पासाहेब खिडकीच्या बैठकीवर बसले. आत्यालाही त्यांनी बसायची खूण केली, पण ती उभीच राहिली.

“आमचे वडील गेले तेव्हा मी रांगत होतो. आईसाहेब कोवळ्या वयाच्या होत्या. घराण्याची रीत अशी, की त्याच आठवड्यात महालाचे जुने रंग खरवडून सगळीकडून पांढरा हात दिला. खांबांना, दारांना, सगळ्यांना. बैठक पांढरी, पडदे पांढरे. त्या पांढऱ्यात माझ्या आईनं जन्म काढला. मी तिला रंगात कधी पाहिलंच नाही. मग संस्थानं विलीन झाली, पुढं कोट राहतो की जातो कुणाला ठाऊक, म्हणून कारभाऱ्यांनी, पोरे, तुमच्या वडिलांना बोलावून फोटो काढवला. आईसाहेबांचा काढायचा प्रश्नच नव्हता. रिकाम्या महालाचाच काढला. आणि महिनाभरानं तो आला तो असा.”

त्यांनी हात फिरवून खांब दाखवले.

“कारभारी संतापले. म्हणाले, हा काय चावटपणा, परत पाठवतो. आईसाहेबांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला. पलंगासमोर टांगला. पुढं जन्मभर तो तिथंच होता. कुणी बायका भेटायला आल्या की त्यांना दाखवायची, हा बघा माझा महाल. अहो, बसलेली त्याच महालात, आणि दाखवायची फोटो!” अप्पासाहेब माझ्याकडं वळले. “एकदा तिनं माणूस पाठवून तुमच्याकडं विचारलंही, की रंग कुणी भरलेत. तुमचे वडील म्हणाले, घरीच भरतो. बस, एवढंच. तिला वाटायचं, हे काम पुरुषाच्या हातचं नव्हे. शेवटपर्यंत म्हणायची, ती कोण आहे ते मला कळलं पाहिजे होतं.”

आत्या आता मटकन बसली. अप्पासाहेबांच्या शेजारीच, संस्थानिक वगैरे विसरून.

“मला कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. “अण्णा बोललाच नाही कधी. महाल पांढरा होता हेसुद्धा नाही.” आणि ती रडायला लागली. मी तिला याआधी रडताना पाहिलं नव्हतं. अण्णा गेले तेव्हासुद्धा ती कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा करून देत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझे स्वतःचे डोळे काही फार कोरडे नव्हते.

रेगे मॅडम मात्र उभ्याच होत्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण त्या चिडल्याही होत्या, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही.

“अप्पासाहेब, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही रंग दिला असता?”

“नसता.”

“म्हणूनच नाही सांगितलं. आईला तिच्या महालात एकदा नेऊन बसवायचं होतं मला.”

“म्हणजे मी महाल दुरुस्त केलाच नाही. मी फोटो दुरुस्त केला.” त्या खांबापाशी गेल्या, त्यावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही तिघंही त्यांच्या पाठीकडं बघत होतो. मला वाटलं, आता म्हणतील की उद्या सगळं चुन्यानं रंगवून टाका. अप्पासाहेबांनाही तेच वाटलं असावं, कारण ते काठी शोधायला लागले.

“ताई,” आत्या डोळे पुसत म्हणाली, “पांढरं करायचं असलं तर करा. मी राग नाही धरणार. खरं तेच राहू दे.”

रेगे मॅडम वळल्या. “नाही. हेही या महालात घडलंय. त्या या रंगांकडं बघत जगल्या, हे काही खोटं नाही. मात्र दाराशी पाटी लागेल. महाल पांढरा होता, तो का पांढरा होता, हे रंग कुठून आले, कुणी भरले, सगळं लिहीन. नावानिशी. आणि तुम्ही मला फसवलंत तेसुद्धा.”

“लिहा,” अप्पासाहेब म्हणाले. “मोठ्या अक्षरांत लिहा.”

“लोक हसतील मला. हसू देत.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “पोरे, तुमचा काळा-पांढरा रोल आहे ना भरलेला?”

“आहे की!”

“पुस्तकात तोच द्या. पुस्तक चाळणारा पाटी वाचत नाही, तो रंग बघतो आणि खरं मानतो. मी मानलं तसं. रंग बघायचे त्यांनी इथं यावं, आधी पाटी वाचावी आणि मग बघावं.”

असा शेवटी मला हवा तोच फोटो काढायला मिळाला, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. सगळा जीव आत्याकडं लागला होता. अण्णांच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर काचेत सगळं उमटलं. खांबांची रांग, महिरपी, जमिनीवर पडलेलं ऊन. अण्णा उभे राहिले असतील तिथंच मी उभा होतो. दोन-तीन फोटो काढले.

“आता बाईंचा काढा,” अप्पासाहेब म्हणाले. “खांबाशेजारी. आणि तो मात्र रंगीत काढा हो.”

मी आत्याकडं पाहिलंच नाही. उत्तर पाठ होतं. माझा कशाला रे बाबा.

पण ती उठली. पदर नीट केला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि जाऊन खांबाला पाठ टेकून उभी राहिली. पांढरं लुगडं, काळा काठ, मागं अंजिरी. मी रंगीत रोलचा कॅमेरा उचलला.

“तो नको,” ती म्हणाली. “अण्णाचा घे. काळा-पांढरा काढ.”

“आता का गं? आता तर सगळ्यांना सगळं कळलंय!”

“काढ म्हणतो ना. रंग माझा मी भरतो.”

मी काढला. ती हसली नाही, पण तोंडावर पदरही ओढला नाही. थेट कॅमेऱ्यात पाहत राहिली.

घरी आल्यावर मी तो मोठ्या कागदावर छापून तिला दिला. तिनं पलंगाखालची पेटी ओढून काढली. ट्यूबा वाळून खडखडीत झाल्या होत्या, त्या तिनं तेलात घोळवून घोळवून मऊ केल्या. काड्यांना कापूस गुंडाळला. मग कितीतरी दिवस ती खिडकीशी बसून असायची. मी डोकावलो की, “जा, तुझी गिऱ्हाइकं बघ,” म्हणून हाकलायची. हात आता थरथरत नव्हता, एवढं मात्र दारातूनही दिसायचं.

आज आत्या नाही, अप्पासाहेबही नाहीत. देवसोंडच्या महालात ती पाटी अजून आहे. लोक वाचतात, मग आत जाऊन खांबांना हात लावतात. रेगे मॅडमना कुणी हसल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि हसलंच असेल तर त्यांनी ते मला सांगितलं नाही. स्टुडिओ आता माझी मुलगी चालवते. फोनवर काढलेला रंगीत फोटो एका बोटानं काळा-पांढरा करून मागणारी पोरं तिच्याकडं येतात, तेव्हा मी काउंटरमागं बसून आपला गंमत बघतो.

त्यांच्यापैकी कुणीतरी हमखास विचारतं, या चौकटीतल्या आजी कोण? फोटो असा का? कारण त्यात आत्यानं महालाला रंगाचा एक ठिपकाही लावलेला नाही. भिंती, कोनाडे, ते सगळे खांब, जसे कॅमेऱ्यानं दिले तसेच, करडे-पांढरे. रंगवलंय ते फक्त तिचं लुगडं. घडी न् घडी, चुणी न् चुणी, आणि काठाबाहेर कुठंही रंग गेलेला नाही.

पूर्ण झाल्यावर तिनं फोटो माझ्या हातात दिला होता तो पालथा. पाठीमागे, गिऱ्हाइकाचं सांगणं लिहून घ्यायच्या जागी, तिनं स्वतःच पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘साडी अंजिरी, काठ हिरवा.’